दहा पौंड

१२ जुलै १८१९ रोजी लंडनच्या पार्लमेंटने ५०,००० पौंड मंजूर केले. बेकार इंग्रजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप वसाहतीत नेऊन वसवायचं, त्यासाठीचा हा पैसा. पाच आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमली आणि घोडदळाने त्यांच्यावर तलवारी चालवल्या. पंधरा-अठरा जीव गेले, जखमी शेकड्यांनी. वॉटर्लूच्या विजयाला चारच वर्षं झाली होती, म्हणून तिथल्या एका पत्राने टोमणा मारून नाव ठेवलं 'पीटर्लू'.

पीटर्लूमुळे लोक केपला पळाले असं सरसकट म्हटलं जातं, पण तारखा नीट पाहा. जहाजांचा पैसा आधी मंजूर झाला, तलवारी नंतर निघाल्या. सरकारला गर्दीचा वास चार वर्षं येतच होता. लढाई संपून शिपाई घरी परतले होते, काम नव्हतं, आणि १८१५च्या कायद्याने गहू क्वार्टरला ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी धान्याला बंदी होती. केपसाठी ऐंशी-नव्वद हजारांनी अर्ज केले. घेतले सुमारे चार हजार.

त्या चार हजारांतला एक आणि मागे राहिलेला त्याचा भाऊ असे दोघं मी इथे मनाने उभे केले आहेत. ओल्डहॅमजवळचे हातमागवाले. त्यांना नावं देत नाही, पण ते ज्या माणसांची, पैशांची, तारखांची नावं घेतात ती खरी आहेत. मराठीत बोलतात, कारण लँकेशरची बोली मला येत नाही. नोव्हेंबरची अखेर, तळघरात दोन माग शेजारी शेजारी. सुताला ओल लागते म्हणून माग तळघरात, आणि त्याच ओलीने थोरल्याला खोकला.

धाकटा: दादा, मंजुरी आली. आता अनामत भरायची. नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून दहा पौंड.

थोरला: दहा पौंड म्हणजे किती आठवडे, मोजलेस?

धाकटा: आठवड्याला दहा शिलिंग धरली तर वीस. पण दहा देतोय कोण? या शनिवारी आठच हातावर टेकवली, वर म्हणाला कापडात गाठी आहेत. याच मागावर बाबा दुपटीहून जास्त मिळवायचे.

थोरला: आणि तिकडे काय देणार?

धाकटा: शंभर एकर. प्रत्येक पुरुषामागे. तीन वर्षं राहून कसली की मालकीची. अनामतही परत मिळायची, हप्त्याहप्त्याने.

थोरला: ओल्डहॅममध्ये शंभर एकर आहे कुणाची?

धाकटा: म्हणूनच चाललोय ना!

थोरला: अरे, गहू महाग ठेवून ज्यांनी तुझ्या पोरांच्या हातातला पाव काढून घेतला, तेच तुला शंभर एकर गव्हाचं रान देतायत. फुकट मिळणारी पिशवी आधी उलटी करून भोक बघावं.

धाकटा: भोक इथं नाही होय? वाफेचे माग आलेत. एक पोरगी दोन-दोन माग सांभाळते म्हणे. आणखी दहा वर्षांनी या लाकडाची चूल पेटवशील तू.

थोरला: पेटवीन. पण चूल माझ्या घरात असेल.

इथपर्यंतची भांडणं कुठल्याही घरात होतात. माणूस गाव सोडायला निघाला की मागे राहणाऱ्याला एकदम आपली चूल आठवते. या घरात मात्र एक गोष्ट दोघंही तीन महिने टाळत आले होते.

थोरला: ही वेळ जायची नाही रे. सगळा देश चिडलाय. लीजच्या मृत्यूची चौकशी चालू आहे. पोरगा आपल्याच गावचा, वॉटर्लूला लढून आलेला, आणि मँचेस्टरच्या मैदानात मार खाऊन तीन आठवड्यांनी मेला. ज्युरी बसलीय. साक्षी झाल्यात. लंडनचे वार्ताहर आलेत. उद्या खुनाचा निकाल लागला, तर? आणि नेमक्या त्या दिवशी तू गलबतावर?

धाकटा: निकाल.

थोरला: हसतोस कशाला?

धाकटा: तू नव्हतास तिथं.

थोरला: कापड सोमवारी द्यायचं होतं.

धाकटा: माहीत आहे. बोल लावत नाही. पण तू नव्हतास, म्हणून निकालाची वाट बघतोस. आम्ही रविवारचे कपडे घालून गेलो होतो, दादा. बायका पांढऱ्या पोशाखात. पोरं खांद्यावर. आमच्या हातात काठीसुद्धा नको, असं बजावलं होतं. आणि घोड्यावरचे कोण होते? फौज मागाहून आली. आधी घुसले ते इथलेच, दुकानदार, गुत्तेवाले, गिरणीवाल्यांचे लेक. आमच्यातले लोक त्यांना नावाने हाका मारत होते, 'अरे, मी आहे, मी!' म्हणून. जो दोन वर्षांचा पोर घोड्याखाली गेला, तो तर सभेलाही आला नव्हता. आईच्या कडेवर, रस्त्याने चाललेला. आणि राजपुत्राने मॅजिस्ट्रेटना शाबासकीचं पत्र धाडलं. माझा निकाल त्या पत्रात लागला.

(थोरला धोटा उचलतो, परत ठेवतो.)

थोरला: मग तर जायलाच नको. ज्यांनी पाहिलं तेच निघून गेले, तर सांगायला उरणार कोण? माझ्यासारखे? ज्याच्याकडे दहा पौंड जमतात तो निघाला की मागे कोण उरतं, याचा हिशेब केलास? सरकारने केलाय. पन्नास हजारांत चार हजार तोंडं गप्प. माणशी साडेबारा पौंड. घोडदळापेक्षा स्वस्त.

धाकटा: कॉबेट नाही गेला? तुझाच कॉबेट. दोन वर्षांमागे हेबिअस कॉर्पस गुंडाळलं, विनाखटला कोंडायची मुभा झाली, तसा पहिल्या जहाजाने अमेरिकेत.

थोरला: आणि आला परत! याच महिन्यात, लिव्हरपूलला उतरला. टॉम पेनची हाडं घेऊन.

धाकटा: गेला म्हणून परत येता आलं. इथं राहिला असता तर त्याचीच हाडं कुणीतरी घेऊन आलं असतं.

थोरल्याला यावर हसू आलं असावं असं मला वाटतं. सरकारवर तुटून पडणारा पत्रकार कॉबेट, त्याची ती हाडांची पेटी हा त्या साली लँकेशरभर थट्टेचा विषय होता. 'मनुष्याचे हक्क' लिहिणाऱ्या पेनला अमेरिकेत नीट थडगं मिळालं नाही, म्हणून या गृहस्थाने त्याला उकरून मायदेशी आणलं. स्मारक कधी झालंच नाही आणि पुढे हाडंही हरवली. परदेशी गेलेल्याचं मायदेशी परतणं किती अवघड, याचं इतकं विचित्र उदाहरण दुसरं सापडणार नाही.

थोरला: मँचेस्टरला छापखान्याच्या काचेत क्रुइकशँकचं चित्र लावलंय, पाहिलंस? केप म्हणजे नरकच काढलाय. रानटी लोक इंग्रजांना भाजून खातायत.

धाकटा: ते लंडनच्या चित्रकाराच्या डोक्यातलं. तो कुठे गेलाय केपला?

थोरला: नसेल गेला. चित्र मीही मानत नाही. पण एक सांग. तिथं डच शेतकरी शंभर-दीडशे वर्षं आहेत ना? रान एवढं चांगलं, मोकळं, तर त्यांनी कसं सोडलं तुझ्यासाठी? जमीन कधी मोकळी असते का रे? आपल्या गावाबाहेरचं गायरान मोकळं होतं, आठवतं? आपल्या शेळ्या चरायच्या तोवर. मग लॉर्डसाहेबांनी कुंपण घातलं, आणि कागदावर लिहिलं 'पडीक'.

धाकट्याकडे याला उत्तर नव्हतं. तो म्हणाला असेल, 'सरकार काही विचार करूनच देत असेल.' सरकारने विचार केलाच होता, पण तो छापील पत्रकात नव्हता.

ज्या पट्ट्यात यांना न्यायचं ठरलं त्याचं डच नाव झुरवेल्ड, म्हणजे आंबट माळ. तिथलं गवत पावसाळ्यात गुरांना मानवतं, पुढे कस जाऊन आंबूस होतं. खोसा लोक ऋतू बघून गुरं हलवत, पिढ्यान्‌पिढ्या. १८११-१२ मध्ये कर्नल ग्रॅहमच्या फौजेने एन्डलांबे आणि इतर नायकांच्या हजारो लोकांना या माळावरून फिश नदीपलीकडे हाकललं, उभी पिकं तुडवली, आणि मधोमध छावणी टाकली. तेच ग्रॅहम्सटाउन. २२ एप्रिल १८१९ रोजी माखांडा नावाच्या द्रष्ट्याच्या पुढारपणाखाली खोसांच्या हजारो योद्ध्यांनी भर दिवसा ग्रॅहम्सटाउनवर चाल केली आणि तोफा-बंदुकांपुढे माघार घेतली. माखांडा स्वतःहून शरण आला. त्याला रॉबेन बेटावर टाकलं, आणि तिथून निसटताना तो समुद्रात बुडाला. म्हणजे पार्लमेंटमध्ये पैशांची मागणी येण्याआधी तीन महिनेसुद्धा झाले नव्हते त्या लढाईला. केपची बातमी जहाजाने यायला तेवढाच वेळ लागे.

गव्हर्नर लॉर्ड चार्ल्स सॉमरसेटचा हिशेब सरळ होता. सरहद्दीवर फौज ठेवायला पैसा लागतो, शेतकरी ठेवले तर ते स्वतःच पहारा करतील. डच शेतकऱ्याला एकेक वाडी सहा हजार एकरांपर्यंतची, ती विरळ वस्ती आडभिंतीच्या कामाची नाही. म्हणून इंग्रजांना शंभर-शंभर एकर, दाटीवाटीने. गुरं नकोत, ती पळवली जातात. गहू पेरा. गुलाम ठेवायची मनाई. थोरल्याला मुद्दा कळला होता, फक्त एका बाजूने. कुंपणासाठी खुंट हवे होते, आणि लँकेशरात ते स्वस्त मिळत होते.

धाकट्याची बायको पोटुशी होती असं धरू या. या बोलण्यात तिने एकदाच तोंड घातलं. 'बाळंतपणाला कोण?' दोघंही गप्प. 'गलबतावर बाळंत झाले तर पोराचं गाव कुठलं लिहायचं?' पुष्कळ बायका खरोखरच समुद्रात बाळंत झाल्या, आणि पुष्कळ पोरं समुद्रातच सोडावी लागली. पण तिचं म्हणणं 'जाऊ नका' असं नव्हतं. तिला या तळघरातून पोरं बाहेर काढायची होती. गेल्या हिवाळ्यात एक गेलं होतं.

थोरला: किती कमी पडतायत?

धाकटा: दोन पौंड.

थोरला: माग विक.

धाकटा: घेणार कोण? हातमाग आज सरपणाच्या भावाने जातो.

थोरला: मी घेतो.

धाकटा: दादा, तुझ्याकडे दोन माग चालवायला माणूस कुठाय?

थोरला: घेतो म्हणालो ना. तू पत्र लिही. खरं लिही. सुखाचं लिहिशील तर उरलेले वेडे पण निघतील.

पहिली दोन जहाजं 'चॅपमन' आणि 'नॉटिलस' डिसेंबरच्या सुरुवातीला टेम्सवरून सुटली. लँकेशरच्या लोकांना घेऊन 'जॉन' जानेवारी १८२० मध्ये लिव्हरपूलहून निघालं. लीजच्या चौकशीचं तोवर काय झालं होतं? डिसेंबर उजाडता उजाडता ती रद्दच झाली. कोरोनर आणि ज्युरी यांनी प्रेत एकत्र पाहिलं नाही, ही अडचण वरच्या न्यायालयाने काढली. निकाल नाही, दोष कुणाचाच नाही. त्याच महिन्यात सहा कायदे आले. पन्नासांवर माणसांची सभा भरवायला बंधनं, घरात हत्यारं शोधायची मुभा, स्वस्त पत्रांवर स्टॅम्प. धाकट्याचं 'निकाल' म्हणताना हसणं खरं ठरलं. ते त्याला गलबतावर चढण्याआधीच कळलं असणार.

एप्रिलमध्ये अल्गोआ उपसागरात माणसं उतरायला लागली. बंदर नव्हतं. सपाट होड्या लाटांवर आदळत येत, कमरेएवढ्या पाण्यात उभे हायलंडर शिपाई बायका-पोरांना उचलून किनाऱ्यावर ठेवत. तंबू, मग डच गाडीवानांच्या बैलगाड्या, कित्येक दिवसांची वाट. शेवटी गाडीवान एका माळावर सामान उतरवी, हे तुमचं म्हणे, आणि बैल वळवी. त्या गाड्यांचा आवाज दूर जाताना ऐकणं ही आठवण अनेकांनी लिहून ठेवली आहे. पोरवयात तिथे आलेला हेन्री डगमोर म्हातारपणी आणखी एक आठवण सांगतो. कर्नल कायलरने वसाहतवाल्यांना निरोप देताना बजावलं, नांगरायला जाल तेव्हा बंदूक घरी ठेवू नका. पिशवीतलं भोक थोरल्याने सहा हजार मैलांवरून ओळखलं होतं, धाकट्याला ते या वाक्यात दिसलं.

तेव्हाचा हंगामी गव्हर्नर सर रुफेन डॉन्किन. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण १८१७-१८च्या पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत उत्तरेकडच्या फौजेची एक तुकडी याच्या हाताखाली होती. मोहीम संपली त्याच वर्षी त्याची तरुण बायको एलिझाबेथ मीरतला तापाने गेली, आणि हा मन मोडलेला माणूस विश्रांतीला केपला आला. उपसागराकाठच्या नव्या गावाला त्याने तिचं नाव दिलं, पोर्ट एलिझाबेथ. टेकडीवर तिच्या स्मृतीचा दगडी पिरॅमिड अजून उभा आहे. गावाचं नाव मात्र आता बदललंय. ज्या वर्षी इकडे पेशवाई गेली, त्याच्या पुढच्याच वर्षी तिकडे हे पोकळ कुंपण घालायला घेतलं, आणि माणसंही काही तीच होती.

गहू पेरला. तीन वर्षं लागोपाठ तांबेऱ्याने गेला. १८२३ मध्ये पूर आला, उरलंसुरलं वाहून गेलं. ज्या गव्हाने इंग्लंडमध्ये उपाशी ठेवलं त्यानेच तिथेही ठेवलं. शिधा सरकार देई, पण खात्यावर मांडून. वस्ती सोडून जायला परवाना लागे. तरी तोपर्यंत बहुतेक पुरुषांनी जमीन सोडली होती. सुतार, गवंडी, चांभार ग्रॅहम्सटाउनला जाऊन आपापल्या धंद्याला लागले आणि बरे राहिले. विणकराची गोष्ट वेगळी. तिथे कापड विकत येई, मँचेस्टरहून.

तक्रार करायला माणसं जमू लागली, तसा मे १८२२ मध्ये सॉमरसेटने जाहीरनामा काढला : परवानगीशिवाय सार्वजनिक सभा बेकायदा. सहा कायद्यांपासून सहा हजार मैल गेलेल्यांना सातवा तिथे भेटला. १८२४ मध्ये छापखानेवाला ग्रेग आणि संपादक प्रिंगल व फेअरबर्न यांनी केपमध्ये पत्र काढलं, ते त्याच साली बंद पाडण्यात आलं. प्रिंगल कवी होता, वसाहतवाल्यांबरोबरच आलेला स्कॉट. तो लंडनला परतला आणि गुलामगिरीविरोधी संस्थेचा चिटणीस झाला. पत्रांचं स्वातंत्र्य केपला मिळालं ते त्या भांडणामुळे, दशक संपता संपता. त्यामुळे थोरल्याचा एक मुद्दा मला पटत नाही. गेलेले गप्प झाले नाहीत. सभा आणि छापखान्यासाठी ते तिथेही भांडले, आणि छापखान्याचं भांडण जिंकले.

पण हे भांडण स्वतःपुरतं होतं. डिसेंबर १८३४ मध्ये खोसा सरहद्द ओलांडून आले, शेकडो घरं जळली, पळालेले वसाहतवाले ग्रॅहम्सटाउनच्या चर्चमध्ये दाटीने राहिले. त्यानंतर याच लोकांचं पत्र, ग्रॅहम्सटाउन जर्नल, खोसांची आणखी जमीन घ्या म्हणून वर्षानुवर्षं ओरडत राहिलं. मेंढ्या आल्या होत्या, लोकरीला भाव होता, आंबट माळ आता अपुरा पडत होता. कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो. हे कुंपण शेजाऱ्याचंही खायला निघालं. ओल्डहॅमच्या गायरानावर लॉर्डसाहेबांनी लिहिलेला 'पडीक' हा शब्द आता धाकट्याचीच मुलं लिहीत होती. २०१८ मध्ये ग्रॅहम्सटाउनचं नाव अधिकृतपणे माखांडा झालं.

धाकट्याने पत्र लिहिलं का? काही पत्रं वर्षाने पोचत, काही पोचतच नसत. पोचलं असेल तर थोरल्याने ते गुत्त्यात वाचून दाखवलं नसणार. खरं लिहिलेलं पत्र 'मी सांगत होतो ना' म्हणायला पुरतं, पण ते म्हणण्यात गंमत नसते.

१८३२ मध्ये ओल्डहॅमला पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये दोन जागा मिळाल्या. एकीवर खुद्द कॉबेट उभा राहिला. शहरातल्या मतदाराला एक अट होती : वर्षाला किमान दहा पौंड किमतीचं घर हवं. पन्नास हजारांच्या वस्तीत मतदार निघाले हजार-अकराशे. उमेदवार जाहीर व्हायच्या दिवशी मात्र चौकात कुणालाही हात वर करता येई, मत असो नसो. थोरला त्या दिवशी तिथे असणार. कापड दुसऱ्या दिवशी दिलं असेल. त्याने हात वर केला असेल, गर्दीबरोबर ओरडला असेल, आणि खरं मतदान सुरू झालं तेव्हा खोकत घरी गेला असेल, दोन माग असलेल्या तळघरात, कारण त्या घराची किंमत दहा पौंड भरत नव्हती.